‘अळंबीजन्य’ आणि ‘जन्मजात’ : दोन शब्दांची परीक्षा

स्टॅटिन औषधांविषयीच्या मराठी लेखनात ‘अळंबीजन्य द्रव्य’ हा प्रयोग अधूनमधून आढळतो. तो वाचावयास गोड असला तरी वस्तुस्थितीशी त्याचा मेळ नाही. अकिरा एन्दो यांनी सुमारे सहा हजार कवकांची परीक्षा करून १९७३ साली काँपॅक्टिन वेगळे केले, ते पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीपासून. १९८७ साली अमेरिकेत मान्यता पावलेले लोवास्टॅटिनही ॲस्परजिलस टेरियस या बुरशीचेच. धिंगरी अळंबीत लोवास्टॅटिन सापडते हे खरे. औषधाचा उगम मात्र तेथे नाही.

शिळ्या भाकरीवर येते ती बुरशी, पावसानंतर उगवते ती अळंबी किंवा कुत्र्याची छत्री. या सर्वांस व्यापणारा ‘कवक’ हा विश्वकोशातील शब्द वर्गाबाहेर पडलाच नाही. औषधास किळस चिकटू नये म्हणून लेखक ‘बुरशी’ टाळतो, आणि उमापूरसारख्या गावचा वाचक विचारतो, मग अळंबीच खाल्ली तर गोळी कशाला? वाणागणिक, लागवडीगणिक ज्याचे प्रमाण बदलते ते द्रव्य मोजून दिलेल्या मात्रेची जागा घेऊ शकत नाही.

याहून गंभीर घोटाळा ‘जन्मजात’ या शब्दाने केला आहे. गॅरड यांनी १९०८ च्या व्याख्यानांत चयापचयाच्या उपजत दोषांची जी कल्पना मांडली, तिच्या गाभ्याशी वारसा होता. मराठी ‘जन्मजात’ मात्र गर्भावस्थेतील आघाताने आलेल्या व्यंगासही लागतो. तो एका बालकापुरता बोलतो, भावंडांविषयी मौन पाळतो. आणि येथे प्रश्न भावंडांचाच आहे. रक्तातील कोलेस्टेरॉल वाढविणारा हा आनुवंशिक विकार अडीचशे-तीनशे माणसांत एकास असतो. माता वा पिता यांच्या जनुकाची एक प्रत सदोष असेल तर प्रत्येक अपत्यास तो येण्याची शक्यता निम्मी. १९८५ चे नोबेल मिळविणाऱ्या ब्राउन व गोल्डस्टाइन यांनी दाखविले की, पेशींवरील एलडीएल-ग्राहक उणे पडल्याने कोलेस्टेरॉल रक्तात साचते. स्टॅटिन यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखते व पेशींस अधिक ग्राहक घडविण्यास भाग पाडते. दोन्ही प्रती सदोष असतील तर औषध दुबळे पडते ते यामुळेच. घडवावयाचा ग्राहकच धड नसतो.

तरुणपणी हृदयविकाराने गेलेल्या पित्याच्या घरी ‘जन्मजात दोष’ एवढेच कळले, तर मुले धडधाकट जन्मली या समाधानात घर निश्चिंत राहते. ‘आनुवंशिक’ म्हटल्यास धाकट्यांचे रक्त तपासावे हे निदान सुचते. ‘कुलगत’ हा शब्द मला अधिक जवळचा वाटतो, कारण गेवराई तालुक्यात कुळ म्हणजे काय हे कोणास सांगावे लागत नाही (कूळकायद्यातील कूळ निराळे). परंतु कुळ म्हटले की पितृकुलच डोळ्यांपुढे येते. दोष आईकडूनही तितकाच येतो, आणि सासरी गेलेली बहीण या शब्दातून सहज वगळली जाते. म्हणून ‘आई वा वडिलांकडून आलेला’ असे लांबट विशेषणच मी योजीन. परिभाषा-समितीस ते रुचणार नाही.