गृहाचा रंग आणि राजसभेचा रंग : जालन्यातील आलिशान बंगल्यांच्या अंतर्गत रंगयोजनेची चिकित्सा

प्रस्तावना :

1 मे 1981 रोजी अस्तित्वात आलेला जालना जिल्हा आज बियाणे व लोखंडी सळई या दोन उद्योगांसाठी ओळखला जातो. या उद्योगांतून आलेल्या सुबत्तेने जालना शहरात आलिशान बंगल्यांची एक पिढी उभी केली आहे. सुबत्ता या भूमीला नवी नाही. भोकरदन (प्राचीन भोगवर्धन) येथे 1973 साली झालेल्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. पॉम्पेई येथील एका घरात 1938 साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. श्रीमंत घरात शोभणारी वस्तू या परिसराला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीही परिचित होती, असा याचा अर्थ होतो. म्हणूनच आजच्या श्रीमंत घरातील रंगाचा विचार केवळ हौसेचा विषय म्हणून सोडून देता येत नाही.

चित्रसूत्राचा निकष :

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील ‘चित्रसूत्र’ या भागात एक महत्त्वाचा भेद केलेला आढळतो. राहत्या घरात शृंगार, हास्य व शांत या रसांचीच चित्रे असावीत. राजसभा आणि देवालय येथे मात्र सर्व रसांना वाव आहे. हा नियम चित्रांपुरता असला, तरी त्यामागील दृष्टी व्यापक आहे. सभागृहात माणूस काही काळ येतो, थक्क होतो आणि परततो. घरात तो राहतो. जे क्षणभर दिपवते ते रोज सोबत करू शकेलच, असे नाही.

अजिंठ्याचा दाखला :

जिल्ह्याच्या उत्तर सीमेपासून फार दूर नसलेल्या अजिंठा लेण्यांत, विशेषतः क्रमांक 1 व 17 मध्ये, पाचव्या शतकातील प्रासादजीवनाची दृश्ये आहेत. त्यांतील बहुतेक रंग मातीचे व खनिजांचे आहेत : तांबडा व पिवळा गेरू, हिरवी माती, पांढरा, काजळीचा काळा. निळ्यासाठी लागणारा राजावर्त (लाजवर्द) मात्र दूरच्या प्रदेशातून येई. येथे वैभव प्रामुख्याने दिसते ते माणसांच्या देहकांतीत, अलंकारांत आणि मुद्रांत. स्तंभ व मंडप त्यांना आधार देतात. ही चित्रे म्हणजे तत्कालीन घरांची हुबेहूब नोंद नव्हे, हे मान्यच करावे लागेल. परंतु श्रीमंती दाखविताना चित्रकाराने माणसाला भिंतीपेक्षा मोठे ठेवले, एवढे त्यांवरून निश्चित म्हणता येते.

बंगल्यांतील वास्तव :

प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या बंगल्यांत याच्या उलट क्रम आढळतो. दिवाणखान्यात सोनेरी टेक्श्चर पेंट, गडद मरून वॉलपेपर, पीओपीच्या छतात लपविलेले रंगीत दिवे आणि आरशासारखी चकाकणारी फरशी. स्वयंपाकघराकडे व वृद्धांच्या खोलीकडे वळताच रंगाचा विचार संपतो. तेथे उरलेला डबा वापरला जातो. म्हणजे रंग पाहुण्यांसाठी योजिले जातात, राहणाऱ्यांसाठी नव्हे. राजसभेचा नियम घरात आणला गेला आहे, असेच याचे वर्णन करावे लागेल.

याची किंमत कोण मोजतो, हे एका वास्तुशांतीच्या प्रसंगी दिसले. दिवाणखाना व जेवणघर यांच्यामध्ये एक पायरी होती. वर-खाली एकच शुभ्र संगमरवर, भिंतही शुभ्र. घरातील आजींना ती पायरी दिसली नाही. सुदैवाने सुनेने हात धरला. ‘आई, इथे पायरी आहे,’ असे त्या घरात आता रोज सांगावे लागते. मंद दृष्टीच्या व्यक्तीला पायरीच्या कडेवर एक गडद पट्टी पुरेशी असते. पण त्या पट्टीने ‘लूक’ बिघडतो, असे उत्तर मिळाले.

येथील प्रकाशाचाही विचार होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत जालन्याचे तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते व ऊन प्रखर असते. मोठ्या काचांतून येणारे हे ऊन चकचकीत फरशीवर व पांढऱ्या भिंतीवर आदळून डोळ्यांवर येते. परिणामी दिवसभर पडदे ओढून दिवे लावावे लागतात. मंद पोताचा, किंचित मातकट रंग हेच ऊन सौम्य करू शकतो. जोसेफ अल्बर्स यांनी 1963 सालच्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे शेजारचा रंग बदलला की तोच रंग वेगळा भासतो. मग दुकानातील शेडकार्डाच्या बोटभर चौकोनावरून संपूर्ण भिंतीचा निर्णय कसा घेता येईल? भिंतीवर हातभर तुकडा रंगवून तो सकाळी, दुपारी व रात्री पाहणे, ही साधी पद्धत येथे क्वचितच अवलंबिली जाते.

समारोप :

घर कसे रंगवावे हा मालकाचा अधिकार आहे, हे निःसंशय. मातीच्या रंगांकडे सरसकट परतावे, असेही येथे सुचवावयाचे नाही. दिवाणखान्यातील एखादी उत्सवी भिंत घराला शोभा देऊ शकते. आक्षेप आहे तो क्रमावर. प्रथम राहणारी माणसे, नंतर प्रकाश आणि शेवटी पाहुणे, या क्रमाने रंगयोजना झाली, तर खर्च वाढणार नाही. कदाचित कमीच होईल. ज्या घरात आजींना पायरी दिसत नाही, त्या घराचा रंग कितीही महाग असला, तरी ते घर अद्याप रंगविले गेलेले नाही.