काळ्या पिशवीतले मरण

गेल्या मे महिन्याच्या सुटीत माझा भाचा न्यू जर्सीहून आला, तेव्हा त्याने माझ्यापुढे एक काळी पिशवी ठेवली. प्लॅस्टिकची, सगळीकडून बंद, आणि वर तांबड्या रंगात 'एस' हे इंग्रजी अक्षर. त्या अक्षरातून रक्त ओघळते आहे. "मावशी, यात सुपरमॅन मेला आहे," तो म्हणाला. मी सहजच कात्री घ्यायला उठले, तर त्याने माझा हात धरला. "उघडायची नाही हं! उघडली की किंमत गेली."

चित्रकथेच्या पुस्तकावर कसली आली समीक्षा, असे काही वाचकांच्या मनात येईल. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरते. मुलांना मराठी शिकवावे आणि सवड मिळाली की कादंबरीची चार पाने लिहावीत, एवढाच माझा व्यासंग. तेव्हा विद्वत्तेचा आव मला आणता येणार नाही. पण आर्ट स्पीगलमन यांच्या 'माउस' या चित्रकथेला १९९२ साली पुलित्झरचे विशेष पारितोषिक मिळाले, त्यालाही आता तीस वर्षे उलटून गेली. या प्रकाराकडे पाहून नाक मुरडण्याचे दिवस सरले आहेत. माझी शंका निराळीच आहे. जे पुस्तक वाचल्याने नासते, त्याला पुस्तक म्हणावे काय?

या वेडाचे मूळ जिथे आहे तिथून सुरुवात करू. १९३८ साली अमेरिकेत 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक दहा सेंटला निघाला. सुपरमॅन जगापुढे आला तो त्या अंकात. पोरांनी तो वाचला, दुमडून खिशात घातला, मित्राला दिला. महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यांत अशा अंकांचे ढीग गेले. उरलेले आयांनी माळे झाडताना फेकले. आज त्याच्या जेमतेम शंभरेक प्रती उरल्या असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. २०२४ साली त्यांतली एक प्रत साठ लाख डॉलरला गेली. या आकड्याने डोळे दिपतात खरे, पण त्याचा अर्थ नीट पाहायला हवा. तो अंक दुर्मिळ झाला तो कुणी जपला नाही म्हणून. हजारो पोरांनी त्याचा वाचून वाचून चोथा केला, ती सारी किंमत या एका वाचलेल्या प्रतीला येऊन चिकटली आहे.

आपल्याकडे तरी वेगळे काय झाले? 'इंद्रजाल कॉमिक्स' १९६४ साली सुरू झाली आणि १९९० साली बंद पडली. आमच्या घरी थोरल्या भावाचा सुतळीने बांधलेला एक गठ्ठा होता. वेताळाच्या कवटीच्या गुहेत मी कितीतरी दुपारी काढल्या. मग घराला रंग द्यायचा निघाला आणि गठ्ठा रद्दीवाल्याच्या तराजूत गेला. त्या अंकांना आज संग्राहक चांगले पैसे मोजतात असे ऐकते, तेव्हा आईचा रागही येतो आणि हसूही येते. तिने तो गठ्ठा रद्दीत घातला नसता, तुमच्या आईनेही घातला नसता, तर त्याला कुणी विचारलेही नसते.

ही साधी गोष्ट १९९० च्या सुमारास अमेरिकेतले शहाणेसुरते लोक विसरले. जुने अंक हजारो डॉलरला जाताहेत असे वर्तमानपत्रांत येऊ लागले, आणि लोकांनी ठरवले की नवे अंक घेऊन ठेवावेत, पोरांच्या कॉलेजची सोय होईल. प्रकाशकांनी हा वारा ओळखला. १९९१ साली 'एक्स-मेन'च्या नव्या मालिकेचा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांनिशी काढला. आतला मजकूर तोच. पण संग्रह पुरा करायचा तर पाचही घेणे आले. ऐंशी लाखांहून अधिक प्रती दुकानांत गेल्या. दुकानदार माल घेत ते न खपलेले अंक परत न करण्याच्या बोलीवर, त्यामुळे उरलेल्या प्रती त्यांच्याच पोटमाळ्यावर साठल्या. आज तो अंक थोड्याफार डॉलरला कुठेही मिळतो. ऐंशी लाख माणसांनी एकच वस्तू दुर्मिळ म्हणून जपावी, यातला विनोद कळायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

आणि पुढच्याच वर्षी ही काळी पिशवी आली. १८ नोव्हेंबर १९९२. 'सुपरमॅन'चा पंचाहत्तरावा अंक. पिशवीत अंकाबरोबर दंडाला बांधायची काळी पट्टी, 'डेली प्लॅनेट' या कथेतल्या वर्तमानपत्रातली मृत्युवार्ता, एक भित्तिचित्र आणि टपालाची लुटुपुटूची तिकिटे. सुतकाचे सारे साहित्य दुकानदाराकडूनच! लोकांनी रांगा लावल्या. एकेकाने दोन-दोन घेतल्या: एक वाचायला, एक ठेवायला, कित्येकांनी तर ठेवायलाच.

कथा मी वाचली ती त्या पिशवीतून नव्हे. हे सगळे भाग एकत्र छापलेले एक पुस्तक पुढे निघाले. ते भाच्याकडूनच मागवून घेतले. वाचायला बसले तेव्हा, खोटे कशाला बोलू, फारशी अपेक्षा नव्हती. लेखक-चित्रकार मंडळींच्या मनात त्या वर्षी सुपरमॅनचे लग्न लावायचे होते. पण दूरदर्शनवर त्याची नवी मालिका येऊ घातली होती, म्हणून लग्न पुढे ढकलले गेले आणि मोकळ्या पडलेल्या जागी मरण आले. ज्या मरणाचे कारण लग्नाच्या मुहूर्तात आहे, त्यात गांभीर्य कुठून यायचे? कथानकही यथातथाच. डूम्सडे नावाचा एक राक्षस जमिनीतून वर येतो, वाटेत येईल ते मोडत सुटतो. त्याला ना हेतू, ना वाणी. त्याच्याशी झुंजताना नायक पडतो. संवाद तर पुष्कळदा ठोशांच्या मधली जागा भरायलाच लिहिलेले वाटतात.

असे असूनही दुसऱ्या वाचनात मी थबकले. शेवटचे चार अंक वेगवेगळ्या मालिकांतले, वेगवेगळ्या हातांनी काढलेले. पहिल्यात प्रत्येक पानावर चार चौकटी आहेत. दुसऱ्यात तीन. तिसऱ्यात दोन. आणि डॅन जर्गन्स यांनी लिहिलेल्या-रेखाटलेल्या पंचाहत्तराव्या अंकात पानाला एकच चौकट. चित्र वाढत जाते, वेळ आखडत जातो. मरणाला टेकलेल्या माणसाचा श्वास मोजावा तसे हे आहे. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की चित्रकथा घडते ती दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत. तिथे जे घडते ते वाचकाचे मन घडवते. या चार अंकांत त्या कोऱ्या पट्ट्या एकेक करून काढून घेतल्या आहेत. शेवटच्या अंकात एकही उरत नाही. उरते ते फक्त पान उलटणे. नायकाला मरणाकडे न्यायचे तर वाचकाला स्वतःच्या बोटाने पान उलटावे लागते. आणि शेवटी पान घडी उघडून बाहेर पसरते, तिथे तो पडलेला आहे. राक्षस कितीही बालिश असो, ही रचना बालिश नाही. मुलांना वृत्ते शिकवताना यतीचे महत्त्व घसा फोडून सांगणाऱ्या माझ्यासारखीने हे मान्य केलेच पाहिजे.

आणि हाच अंक बंद पिशवीत विकला गेला! ज्या कृतीचा सारा प्राण पान उलटण्यात, ती लाखो लोकांनी पान न उलटण्याच्या अटीवर घेतली. मला याचे जेवढे वाईट वाटले, तेवढे सुपरमॅनच्या मरणाचे वाटले नाही. तो तर १९९३ सालीच परत आला, आणि १९९६ साली त्याचे राहिलेले लग्नही लागले. 'एकच प्याला'तली सिंधू रोज रात्री रंगपटात उठून चहा घेते, पण नाटकात ती मेलेलीच राहते. म्हणून आपण पुन्हा रडायला जातो. इथे पिशवी विकली गेली आणि मरणही संपले. लोकांचा विश्वास उडाला तो यानेच. बाजार कोसळला, हजारो दुकाने बंद पडली, आणि 'मार्व्हल'सारख्या बलाढ्य प्रकाशन संस्थेने डिसेंबर १९९६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

आता काही नव्या अंकांना मोल आलेच नाही असे नाही. १९८४ साली दोन होतकरू चित्रकारांनी उसनेपासने करून 'टीनएज म्यूटंट निंजा टर्टल्स'च्या तीनेक हजार प्रती छापल्या. २००३ साली 'द वॉकिंग डेड'चा पहिला अंक सात हजारांच्या आसपास निघाला. दोन्ही आज फार महाग आहेत. पण ते निघाले तेव्हा त्यांच्याभोवती ढोल वाजत नव्हते. ज्यांनी ते घेतले त्यांनी गोष्ट आवडली म्हणून घेतले. पैसा आला तो मागाहून, न बोलावता.

माझ्या भाच्याची गोष्ट मात्र ढोलाच्या बाजूची आहे. २००० साली अमेरिकेत कॉमिकची प्रतवारी करणारी संस्था निघाली. ती अंक तपासते, दहापैकी गुण देते आणि कडक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचा बंद करते. या पेटीला तिकडे स्लॅब म्हणतात. आपल्याकडे स्लॅब घरावर टाकतात, तिकडे पुस्तकावर. ९.८ आणि ९.६ यांत कधी कधी किमतीचा दुपटीचा फरक पडतो, आणि तो फरक कण्याजवळच्या एका सुरकुतीचा असतो. मीही वह्या तपासते. कव्हर घातलेल्या, एकही शब्द न लिहिलेल्या वहीला दहापैकी ९.८ दिले तर मुख्याध्यापक मला घरी बसवतील.

२०२१ साली हा बाजार पुन्हा तापला तेव्हा पोराने घराच्या बयाण्यासाठी साठवलेले पैसे अशा पाच पेट्यांत घातले. पुढच्या वर्षी भाव उतरले. घर घ्यायची वेळ आली तेव्हा पाचही पेट्या विकल्या, हाती आले ते निम्म्याहून कमी. माझ्या बहिणीला हे अजून ठाऊक नाही. ती दिवाळी अंक वाचत नाही, म्हणून लिहिते आहे. मी त्याला एकच विचारले, "त्या पाचांत गोष्टी काय होत्या रे?" त्याला दोन आठवल्या. लहानपणी वेताळाच्या गोष्टी माझ्याकडून पाठ करून घेणारा पोरगा तो.

काळी पिशवी तेवढी उरली होती, कारण तिला गिऱ्हाईकच मिळाले नाही. अडीच डॉलरची वस्तू. अशा लाखो पिशव्या लाखो कपाटांत जपून ठेवलेल्या असताना हिला कोण विचारणार! जाण्याच्या आदल्या रात्री जेवणे झाल्यावर तोच म्हणाला, "मावशी, कात्री दे." कडेची पट्टी कापली गेली. तीस वर्षे कोंडलेल्या शाईचा वास आला. तो ओट्याला टेकून उभ्याउभ्याच वाचू लागला, आधी भरभर, मग सावकाश. मी भांडी आवरत होते. घडीचे पान त्याने दोन्ही हातांनी उघडले तेव्हा ओट्यावरच्या ओल्याचा एक डाग त्याच्या कोपऱ्याला लागला. मी फडके घेऊन धावले. त्याने मान वर केली नाही.

काळी दंडपट्टी शेजारच्या मुलाने मागून नेली. दुसऱ्या दिवशी ती बांधून तो शाळेत आला, आणि घरात कोण गेले म्हणून तीन बाईंनी त्याला विचारले.