पानाच्या तळाशी मालर

कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून मी गुस्ताव मालरची दहावी सिंफनी ऐकत आलोय. म्हणजे तिची पहिली मुव्हमेंट, अडाजिओ. माझ्याकडच्या रेकॉर्डिंगमध्ये तेवढीच होती. सुरुवातीला फक्त व्हायोला; बऱ्याच वेळानं सगळा वाद्यवृंद नऊ स्वरांच्या एका कर्कश कॉर्डवर आदळतो, ट्रंपेट एकच स्वर ताणून धरतो आणि मग सगळं विरत जातं. हा माणूस मोडून मेला, असं माझं पक्कं मत झालं होतं. चरित्रही जुळत होतं. 1910च्या उन्हाळ्यात हे लिहीत असताना बायकोचं, आल्माचं, वॉल्टर ग्रोपियसशी असलेलं प्रकरण त्याला कळलं. 18 मे 1911 रोजी तो गेला.

नंतर डेरिक कुकची पाचही मुव्हमेंटची आवृत्ती ऐकली आणि माझं मत चुकीचं ठरलं. शेवटच्या मुव्हमेंटमध्ये दबक्या ढोलाचे ठोके पडतात. न्यूयॉर्कमध्ये खिडकीतून पाहिलेल्या एका अग्निशामक जवानाच्या अंत्ययात्रेची ती आठवण. त्यांच्यानंतर बासरीवर एक सुरावट येते, इतकी साधी की क्षणभर विश्वास बसत नाही. ती भयानक कॉर्ड परत येते, पण शेवट तिचा नाही. सिंफनी शांतपणे, जवळजवळ कृतज्ञतेनं मिटते.

हा शेवट कुकनं रचलेला नाही, आणि माझ्या दृष्टीनं सगळा वाद इथेच फिरतो. मालरच्या कच्च्या खर्ड्यात पाचही मुव्हमेंटची रेषा पहिल्या मापापासून शेवटच्या मापापर्यंत सलग आहे. पहिल्या दोन मुव्हमेंटचं वाद्यवृंदासाठीचं लेखन बरंच झालं होतं, तिसरीचं जेमतेम सुरू झालं होतं. बाकीचं मुख्यतः चारेक ओळींत मांडलेलं. काही ठिकाणी सुरावट आहे पण खालची साथ नाही. कुकनं ती भरली, कुठलं वाद्य काय वाजवेल ते ठरवलं. सिंफनी ‘पूर्ण’ केल्याचा दावा मात्र त्यानं केला नाही. हा खर्डा वाजवता यावा एवढीच सोय केल्याचं तो सांगत राहिला. 1976च्या छापील प्रतीत तर पानांच्या तळाशी मालरचा मूळ खर्डा दिलाय. वर कुक, खाली मालर. तुम्हीच ताडून बघा.

मी पोटासाठी सोडून गेलेल्यांचा कोड पुढे नेतो. पहिल्या नोकरीत अशाच एका अर्धवट मॉड्यूलला मी ‘नीट’ केलं होतं. विचित्र दिसणाऱ्या अटी काढून टाकल्या, नावं बदलली, सगळं चकाचक. महिन्याभरात कळलं, त्या विचित्र अटींनाच कारण होतं. माझं काम कुठे सुरू होतं आणि त्याचं कुठे संपतं हे मीच पुसून टाकलं होतं. म्हणून ते पान पाहिल्यावर मला कुकच्या प्रतिभेआधी त्याचा प्रामाणिकपणा दिसला.

विरोधकांचा मुद्दा पोकळ नाही. ब्रुनो वॉल्टरसारखा मालरचा निकटचा शिष्य विरोधात होता. बर्नस्टाइननं अडाजिओच्या पलीकडे पाऊल टाकलं नाही. मालर तालमी ऐकूनसुद्धा वाद्ययोजना बदलणारा माणूस. त्यानं हे असंच ठेवलं नसतं, हे कुकलाही मान्य होतं. आल्मानं तर सादरीकरणावर बंदीच घातली होती. 1963मध्ये ध्वनिमुद्रण ऐकल्यावर तिनं ती उठवली आणि 13 ऑगस्ट 1964 रोजी लंडनच्या प्रॉम्समध्ये बर्थोल्ड गोल्डश्मिटनं ही आवृत्ती सादर केली.

पण फक्त अडाजिओ वाजवणं म्हणजे मालरला हात न लावणं, हे मला पटत नाही. पाचांपैकी एक भाग ऐकवून थांबलं की ऐकणारा उरलेलं मनानं भरतो. मी भरलं होतं, आणि मालरनं स्वतः लिहिलेल्या शेवटाच्या नेमकं उलटं भरलं होतं.

याचा अर्थ कुठलीही अपुरी सिंफनी पुरी करावी असा नाही. बेथोव्हेनच्या दहाव्या सिंफनीची तुटक टिपणंच उरलीत; 2021मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं त्यांतून दोन मुव्हमेंट तयार करून बॉनमध्ये वाजवल्या. माझ्याच क्षेत्राचं काम, म्हणून उत्सुकतेनं ऐकलं. कानाला ओळखीचं वाटलं. पण यातलं बेथोव्हेनचं किती, हे ऐकताना कळायला मार्ग नव्हता. पानाच्या तळाशी छापायला सलग असं काही असेल, तरच वरच्या ओळी लिहायला हात घालावा.

अडाजिओ मी अजूनही ऐकतो. फक्त आता ती संपली की हेडफोन काढत नाही.