विडंबनाचा दस्तऐवज

'रिपोर्ट फ्रॉम आयर्न माउंटन' हे पुस्तक १९६७ साली न्यूयॉर्कच्या डायल प्रेसने खरा अहवाल म्हणून प्रसिद्ध केले. अमेरिकी सरकारने नेमलेल्या १५ जणांच्या गुप्त मंडळाचा त्यातील निष्कर्ष असा की, युद्धावाचून समाज टिकणार नाही. सबब शांतता इष्ट नव्हे. लेखक लेनर्ड ल्यूइन यांनी १९७२ साली हे आपले विडंबन असल्याचे सांगितले, तरी श्रद्धावंतांची श्रद्धा ढळली नाही.

वाचकांच्या भोळेपणावर सारा दोष ढकलणे आम्हांस पटत नाही. व्हिएतनाम युद्धामुळे सरकारविषयीचा संशय बळावलेला होताच. पण विडंबनकार कोठेतरी डोळा मिचकावतो, ती खूण येथे सहसा सापडत नाही. युद्धाला पर्याय म्हणून सुधारलेल्या स्वरूपातील गुलामगिरी सुचवितानाही भाषा तीच: भावशून्य, तळटीपांनी जखडलेली. सरकारी गद्याचे इतके निर्दोष अनुकरण कौतुकास्पद खरे; विडंबन म्हणून मात्र आम्ही ते वैगुण्यच मानतो.

पुढे काही अतिउजव्या मंडळींनी तो सरकारी दस्तऐवज, म्हणजे कोणाच्याच मालकीचा नसलेला, असे धरून परस्पर छापला. हे आपल्याच कल्पनेतून उतरले आहे, एवढे सांगण्यासाठी ल्यूइन यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली!