बाउलर हॅट : प्रतिमा आणि वस्तू
(जुन्या टोप्यांच्या संग्रहाचे व संशोधनाचे एक चिकित्सक आकलन)

प्रस्तावना

वेशभूषेच्या इतिहासात काही वस्तू अशा असतात की त्यांच्याविषयी लिहिताना प्रत्यक्ष वस्तू बाजूला राहते आणि तिची प्रतिमाच अभ्यासाचा विषय होऊन बसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये तयार झालेली बाउलर हॅट ही अशीच एक वस्तू होय. घुमटासारखा गोल माथा, अरुंद व बाजूंना किंचित वर वळलेली कड, ताठर नमद्याचे अंग आणि बहुधा काळा किंवा तपकिरी रंग, एवढेच तिचे स्वरूप. अमेरिकेत तिला डर्बी म्हणतात, फ्रान्समध्ये खरबुजाशी असलेल्या साम्यावरून शापो मलाँ, तर स्पॅनिश भाषिक देशांत बोंबीन. चार्ली चॅप्लिनचा भटक्या, लॉरेल आणि हार्डी ही जोडी, रेने मॅग्रितच्या चित्रांतील अनामिक गृहस्थ आणि सॅम्युएल बेकेटच्या नाटकातील गोदोची वाट पाहणारी माणसे या टोपीविना डोळ्यांसमोर उभीच राहत नाहीत.

साहजिकच तिच्याविषयीचे विद्यापीठीय लेखन साहित्य, चित्रकला आणि चित्रपट यांच्या अंगाने झाले. दुसऱ्या बाजूस जुन्या टोप्या जमविणाऱ्या हौशी संग्राहकांनी शिक्के, मापे, अस्तरे आणि शिलाई यांच्या आधारे टोप्यांचा काळ व मूळ ठरविण्याची स्वतःची पद्धत विकसित केली. या दोन परंपरांमध्ये संवाद फारसा नाही. समीक्षक संग्राहकाला छांदिष्ट समजतो आणि संग्राहकाला समीक्षकाचे लेखन टोपीच्या वरवरूनच गेल्यासारखे वाटते. या दोहोंच्या बलस्थानांची व उणिवांची तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे.

उत्पत्तिकथेची चिकित्सा

बाउलर हॅटवरील प्रत्येक लेखनात एक कथा हमखास येते. नॉरफोकमधील होल्कम येथील जमीनदार कोक घराण्यातील (या नावाचा उच्चार 'कुक' असा होतो) एका गृहस्थाला आपल्या शिकाररक्षकांसाठी टोपी हवी होती. उंच टोप्या झाडांच्या खालच्या फांद्यांना अडकून पडत. त्याने लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरील, १६७६ पासून चालत आलेल्या लॉक आणि कंपनी या दुकानात ही अडचण सांगितली. १७ डिसेंबर १८४९ रोजी तयार टोपी पाहण्यासाठी तो आला, त्याने ती जमिनीवर ठेवली, तिच्यावर दोनदा पाय दिला, टोपी चेपली नाही, आणि १२ शिलिंग मोजून तो निघून गेला. हा ग्राहक म्हणजे विल्यम कोक असे दीर्घकाळ मानले जाई. पुढील संशोधनाने हा मान लेस्टरच्या दुसऱ्या अर्लचा धाकटा भाऊ एडवर्ड कोक याच्याकडे वळविला.

विल्यम की एडवर्ड, हा वाद संग्राहकांना प्रिय आहे. परंतु त्यापेक्षा महत्त्वाची बाब त्यात झाकली जाते. या कथेतील सारे नाट्य ग्राहकाच्या पायाशी घडते. टोपी प्रत्यक्ष बनविणारे थॉमस व विल्यम बाउलर हे थेम्सपलीकडील साउथवर्कचे कारागीर कथेत केवळ नावापुरते येतात. त्यांनी नमदा कसा ताठर केला, कोणता साचा वापरला, याविषयी कथा काहीच सांगत नाही. दुकानाने या टोपीला ग्राहकाच्या नावावरून 'कोक' म्हणणे पसंत केले. लोकांनी मात्र कारागिराचे नाव उचलले. मराठीत 'टोपी घालणे' या शब्दप्रयोगाला जो अर्थ आहे तो या कथेला सर्वस्वी लागू पडतो असे म्हणता येणार नाही, कारण व्यवहार झाला यात शंका नाही. पण कारागिराचे श्रेय ग्राहकाच्या डोक्यावर गेले हे खरे. संग्राहकांच्या लेखनातही ही कथा जशीच्या तशी उतरत राहते, हे अधिक खटकते; कारण वस्तूकडे बारकाईने पाहण्याचा दावा मुळात त्यांचाच आहे.

प्रतिमाविद्येची बाजू

या विषयावरील महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे फ्रेड मिलर रॉबिन्सन यांचा 'द मॅन इन द बाउलर हॅट' (१९९३). ग्रंथाच्या उपशीर्षकातच इतिहास आणि प्रतिमाविद्या हे दोन शब्द आहेत. ही टोपी म्हणजे आधुनिक जीवनाचे आणि वर चढू पाहणाऱ्या मध्यमवर्गाचे चिन्ह होय, हे त्यांच्या विवेचनाचे मुख्य सूत्र. ते समर्थनीय आहे. शिकाररक्षकासाठी जन्मलेली टोपी काही दशकांतच लंडनच्या व्यापारी पेढ्यांतील कारकुनाच्या व मालकाच्या डोक्यावर दिसू लागली. जहाजबांधणीच्या गोद्यांत मुकादमाची ओळख तिच्यावरून पटे, आणि वरून काही पडल्यास तिचा कठीण माथा उपयोगीही पडे. उत्तर आयर्लंडमधील ऑरेंज ऑर्डरच्या मिरवणुकांत ती निष्ठेचे चिन्ह झाली. फोर्ट वर्थ येथे १९०० साली काढलेल्या प्रसिद्ध छायाचित्रात बुच कॅसिडी व त्याचे चार साथीदार दिसतात, ते रुंद कडेच्या काउबॉय टोप्या घालून नव्हे, तर डर्बी घालून. एकाच टोपीने सेवक, कारकून, मालक आणि दरोडेखोर यांना सामावून घेतले, ही गोष्ट चिन्हाच्या अंगानेच नीट उलगडते.

मॅग्रितच्या बाबतीतही ही पद्धत फलदायी ठरते. त्याचे वडील शिंपी होते आणि आई विवाहापूर्वी स्त्रियांच्या टोप्या बनविण्याचे काम करी. 'गोल्कोंडा' (१९५३) या त्याच्या चित्रात एकसारख्या पोशाखातील, बाउलर घातलेली असंख्य माणसे घरांसमोरच्या आकाशात पावसाच्या थेंबांसारखी लटकलेली दिसतात. चित्राचे नाव त्याचा कवी मित्र लुई स्क्युतेनेर याने सुचविले, आणि ते आपल्या दख्खनच्या गोवळकोंड्याचे आहे. अपार संपत्तीचे नगर या अर्थाने ते युरोपीय भाषांत रुळले होते. हिऱ्यांची खाण आणि कारकुनांचा पाऊस या जोडणीतील उपरोध दख्खनच्या वाचकाला अधिक जवळचा वाटावा.

मात्र या पद्धतीत टोपी नेहमी कोणाच्या तरी डोक्यावर असते आणि ती नेहमी बाहेरून पाहिली जाते. समीक्षकापुढे असते ते चित्र, चित्रफीत किंवा संहिता. टोपीला वजन, माप, वास आणि आतली बाजू असते, हे त्यात सुटून जाते. याला लक्षणीय अपवाद कलाकृतींमध्येच सापडतो. १९५३ साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आलेल्या 'वेटिंग फॉर गोदो' या नाटकातील व्लादिमीर वारंवार आपली टोपी काढतो, आत डोकावतो, बोटांनी चाचपतो, झटकतो आणि पुन्हा घालतो. त्याच्या या कृतीचे तात्त्विक अर्थ पुष्कळ लावले गेले आहेत. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र ती टोपी तपासण्याची अगदी नेहमीची रीत आहे.

टोपीचा अंतर्भाग : एक दस्तऐवज

संग्राहकांच्या संशोधनाचे खरे मोल येथे आहे. जुनी बाउलर हाती आली की जाणकार ती उलटी करतो. कपाळाशी लागणारी चामड्याची पट्टी, अस्तरावरील छापील मुद्रा, मापाची चिठ्ठी आणि पट्टीच्या मागे दडलेले कागद यांवरून टोपीचा देश व काळ ठरतो. मापाचेच उदाहरण घ्यावे. डोक्याचा ५६ सेंटिमीटर घेर ब्रिटिश पद्धतीत ६ ७/८ ठरतो, तर अमेरिकन पद्धतीत ७. त्यामुळे घेर मोजून तो आतील आकड्याशी ताडून पाहिला की टोपी कोणत्या देशाच्या बाजारासाठी बनली याचा प्राथमिक अंदाज येतो. राजघराण्याच्या अधिकृत पुरवठादाराची मुद्रा असल्यास ती कोणत्या राजाच्या नावे आहे हे पाहून काळाची मर्यादा आखता येते.

सर्वांत बोलका पुरावा अमेरिकन टोप्यांत मिळतो. चामडी पट्टी हळूच उलटली तर तिच्याखाली कामगार संघटनेची लहानशी कागदी चिठ्ठी आढळते. 'युनायटेड हॅटर्स ऑफ नॉर्थ अमेरिका' हे नाव असेल तर टोपी साधारणतः १८९६ नंतरची व १९३४ पूर्वीची. कारण १८९६ मध्ये ही संघटना स्थापन झाली आणि १९३४ मध्ये ती दुसऱ्या संघटनेत विलीन होऊन नाव बदलले. संग्राहकाला ही चिठ्ठी कालनिर्णयाचे साधन म्हणून हवी असते. परंतु ती केवळ तेवढीच नाही. कनेक्टिकटमधील डॅनबरी येथील डी. ई. लोवे यांच्या कारखान्याने संघटनेला मान्यता नाकारली, तेव्हा संघटनेने त्यांच्या टोप्यांवर बहिष्कार पुकारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९०८ च्या निर्णयाने तो बहिष्कार मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरला. कामगारांच्या घरांवर व बँकेतील ठेवींवर जप्तीची वेळ आली. अखेर १९१७ साली सुमारे २ लाख ३४ हजार डॉलरवर तडजोड झाली. पट्टीखालच्या बोटभर कागदामागे एवढा इतिहास उभा आहे. संग्राहकांच्या सूचीत मात्र त्याची नोंद बहुधा 'चिठ्ठी शाबूत' एवढीच होते.

नमद्याविषयीही असेच म्हणावे लागते. सशाच्या केसांचा नमदा नीट बसावा म्हणून ते केस पाऱ्याच्या क्षाराने प्रक्रिया केलेले असत. त्या वाफांनी कारागिरांचे हात कापत, जीभ अडखळे, स्वभाव बिघडे. डॅनबरीत या कंपाला गावाचेच नाव पडले होते. अमेरिकेत ही प्रक्रिया बंद व्हायला १९४१ साल उजाडले. जुन्या नमद्यात पाऱ्याचा अंश आजही राहू शकतो, म्हणून संग्रहालयांत अशा टोप्या हातमोजे घालून हाताळतात. माथ्याला जो ताठरपणा येई तो लाखेमुळे, आणि ही लाख मुख्यतः भारतातून, छोटा नागपूरच्या जंगलांतून निघून कलकत्ता बंदरातून जाई. लंडनच्या सभ्य गृहस्थाच्या डोक्यावरील ताठ टोपीत जंगलातून लाख गोळा करणाऱ्यांचेही श्रम होते, ही बाब प्रतिमाविद्येच्या चौकटीत येत नाही. संग्राहकांच्या चौकटीत येऊ शकली असती, पण क्वचितच येते.

बाजार आणि प्रसिद्ध डोकी

याचे कारण संग्रहाच्या अर्थकारणात शोधावे लागते. बाजारात टोपीचे मोल तिच्या घडणीवरून ठरत नाही, ती कोणाच्या डोक्यावर होती यावरून ठरते. चॅप्लिनची म्हणून विकली गेलेली टोपी व छडी यांना २०१२ साली लॉस एंजेलिस येथील लिलावात ६२,५०० डॉलर मिळाले. चित्रपटनिर्मितीत एका पात्रासाठी एकाहून अधिक टोप्या वापरल्या जातात, हे ध्यानी घेतले तर 'चॅप्लिनची टोपी' हा एकवचनी शब्दप्रयोगच शंकास्पद ठरतो. अशा व्यवहारांत टोपीपेक्षा तिच्यासोबतची पत्रे, छायाचित्रे व हस्तांतराची साखळी हीच खरी विक्रीची वस्तू असते. संग्राहक येथे समीक्षकाच्याच वाटेने जातो. तोही टोपी प्रतिमेसाठीच विकत घेतो.

अधिक चिंतेची बाब म्हणजे जीर्णोद्धार. विक्रीपूर्वी टोपी वाफेवर धरून पुन्हा साच्यावर चढविणे, घामाने काळवंडलेली पट्टी काढून नवी शिवणे, फाटके अस्तर बदलणे हे प्रकार सर्रास होतात. टोपी देखणी होते. पण कोणाच्या कपाळाला ती किती वर्षे लागली, ती कोठे दुरुस्त झाली, आकार लहान करण्यासाठी पट्टीमागे वर्तमानपत्राची घडी कधी सारली गेली, हे सारे त्यासोबत जाते. अशी घडी म्हणजे तारखेसह मिळालेला पुरावाच. ती केराच्या टोपलीत टाकणारा संग्राहक आपलेच संशोधन खोडत असतो. लॉक यांच्या दुकानात ग्राहकांच्या डोक्यांचे आकार उमटविलेली कागदी पत्रके जपलेली आहेत. १८४३ साली पॅरिसमध्ये निघालेल्या कॉन्फॉर्मातर या यंत्राने ती घेतली जात. तेथेही नामवंतांची पत्रके भिंतीवर लागतात, हे खरे. तरी डोके आणि टोपी यांचा संबंध नोंदविणारा इतका थेट पुरावा अन्यत्र विरळाच.

ला पाझच्या स्त्रिया

या दोन्ही परंपरांची कसोटी बोलिव्हियात लागते. तेथील आयमारा स्त्रिया बाउलर घालतात, हे पर्यटकांच्या छायाचित्रांमुळे सर्वज्ञात आहे. त्यामागची कथा अशी की १९२० च्या दशकात रेल्वेवरील युरोपीय कामगारांसाठी मागविलेल्या टोप्या लहान निघाल्या आणि व्यापाऱ्यांनी त्या स्थानिक स्त्रियांच्या गळ्यात मारल्या. ही कथा होल्कमच्या कथेचीच उलट बाजू आहे. तेथे ग्राहक चोखंदळ होता, पाय देऊन टोपी पारखत होता. येथे ग्राहक भोळा आहे, उरलासुरला माल निमूट घेतो. दोन्हींत तथ्य कितपत यापेक्षा कोणाला पारख असते आणि कोणाला नसते याविषयीची समजूत दोन्हींना एकत्र बांधते.

वस्तूचा पुरावा वेगळे सांगतो. बोलिव्हियाच्या बाजारासाठी इटलीत दीर्घकाळ टोप्या बनत, आणि अलेस्सांद्रिया येथील बोर्सालिनो या कारखान्याची मुद्रा असलेल्या टोपीला ला पाझच्या स्त्रियांमध्ये मोठी प्रतिष्ठा होती. चुकून आलेल्या गाठोड्यावर अशी परंपरा अनेक दशके चालत नाही; त्यामागे मागणी, माप, रंग आणि पसंती यांचा पत्रव्यवहार असावा लागतो. ज्या पोशाखाचा ही टोपी भाग आहे त्याची किंमतही या स्त्रियांनी मोजली. १९३५ साली ला पाझमध्ये घेरदार पोल्येरा नेसणाऱ्या चोला स्त्रियांना ट्रामगाड्यांत मज्जाव झाला, तेव्हा घरोघरी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांनी आपली संघटना उभारून त्याला विरोध केला. त्या काळच्या टोप्या संग्राहकांच्या कपाटांत फारशा नाहीत. त्या घराघरांत, आईकडून मुलीकडे गेलेल्या आहेत, आणि त्यांची आतली पट्टी अजून कोणी उलटून पाहिलेली नाही.