‘उत्प्रेरक’ : एका संज्ञेची चिकित्सा

पारिभाषिक संज्ञा शास्त्राच्या मागून येते. परंतु एकदा रूढ झाली म्हणजे तीच विचाराला वळण लावू लागते. ‘उत्प्रेरक’ ही संज्ञा याचे उत्तम उदाहरण होय. ‘स्वतः न बदलता अभिक्रियेचा वेग बदलणारा पदार्थ’ या आशयाची तिची व्याख्या मुखोद्गत करूनच ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील मराठी माध्यमाचा विद्यार्थी महाविद्यालयात येतो. जस्त-हवा विद्युतघटाच्या अभ्यासात मात्र ही व्याख्या त्यास दगा देते.

या घटातून वीज घेताना हवेतील ऑक्सिजनाचे क्षपण होते व जस्ताचे अखेर ऑक्साइड बनते. घट पुन्हा भारित करताना हा क्रम उलटतो. अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी विकसित केलेल्या, २०२१ च्या मार्चमध्ये जमिनीवरील प्रतिरूपात यशस्वी ठरलेल्या इंधनघटात ऑक्सिजनाचे केवळ क्षपण साधावयाचे असते. येथे दोन्ही दिशा साधावयाच्या. क्षपणास प्लॅटिनम व उलट क्रियेस इरिडियम-रुथेनियम यांची ऑक्साइडे उत्तम, पण महाग. म्हणून मँगनीज, कोबाल्ट, निकेल यांच्या ऑक्साइडांची योजना होते. धातु-आयनाच्या इलेक्ट्रॉन-रचनेवरून पेरोव्हस्काइट ऑक्साइडांच्या क्रियाशीलतेचा अंदाज बांधता येतो, हे यांग शाओ-हॉर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखविले.

आता संज्ञेकडे पाहू. ‘उत्’ आणि ‘प्र’ हे दोन्ही उपसर्ग वर वा पुढे ढकलण्याचा भाव सुचवितात. वस्तुतः क्रियेची दिशा विद्युतविभव ठरवितो; उत्प्रेरक वाट सुकर करतो, एवढेच. बर्झेलियसने योजिलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘सैल करणे’ असाच आहे. तथापि हा दोष सोसण्याजोगा आहे. रूढी व्युत्पत्तीहून बलवत्तर असते.

न सोसण्याजोगा दोष ‘स्वतः न बदलता’ या शब्दांत आहे. घट भारित होत असता कोबाल्ट वा निकेल यांच्या अनेक ऑक्साइडांचा पृष्ठभाग पालटून ऑक्सिहायड्रॉक्साइडासारखे रूप घेतो, आणि काम करतो तो हाच पालटलेला पृष्ठभाग. आपण घडविले ते चूर्ण, व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर, पूर्वरूप ठरते. जुन्या व्याख्येवर विसंबणारा विद्यार्थी प्रयोगाआधीचे चूर्ण तपासून थांबेल आणि श्रेय भलत्याच पदार्थास देईल.

तेव्हा शब्द राहू द्यावा, व्याख्या सुधारावी : ‘अभिक्रियेत भाग घेऊन तिचा वेग वाढविणारा, परंतु तिच्या निव्वळ हिशेबात खर्ची न पडणारा पदार्थ’, आणि ‘तो क्रियेच्या ओघातच घडलेला असू शकतो’ अशी पुस्ती जोडावी.