हरितांची ओळख आणि हरितांचे गोत्र

श्रावणात देवळाच्या प्राकारातील चिऱ्यांवर आणि तळीच्या पायऱ्यांवर हिरवी मखमल चढते. आपण तिला सरसकट 'शेवाळ' म्हणतो आणि पाऊल जपून टाकतो. परंतु पाण्यावर तरंगणारे तंतुमय शेवाळ निराळे आणि चिऱ्यांच्या सांधीत उगवणारी, इवल्या खोडापानांची हरिता निराळी. या हरिताही एकमेकींसारख्या इतक्या दिसतात की, भिंगावाचून त्यांची जात ठरत नाही. ती ठरविण्याचे काम ज्या ग्रंथाने शास्त्रीय पायावर आणले, त्याचे गुणदोष पुन्हा एकदा पारखून पाहावेत असे आम्हांस वाटते.

लाइपझिगचा वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ योहान हेडविग 1799 मध्ये वारला. त्याचा 'स्पीशीज मुस्कोरम फ्रोंडोसोरम' हा ग्रंथ त्याचा शिष्य श्वेग्रिखेन याने 1801 मध्ये प्रसिद्ध केला. स्फॅग्नम वर्गाचा अपवाद सोडल्यास हरितांची शास्त्रीय नावे आजही याच ग्रंथापासून धरली जातात. हेडविगने पानांच्या वरवरच्या रूपावर विसंबून न राहता बीजुककोशाचे तोंड तपासले. त्या तोंडाभोवती सूक्ष्म दातांचे वलय असते. हवेतील ओलाव्याप्रमाणे ते दात हलतात व बीजुके बाहेर पडण्याचे नियमन होते. दातांची संख्या व रचना हे लक्षण स्थिर, मोजता येण्याजोगे आणि सूक्ष्मदर्शकाखाली कोणालाही पडताळता येणारे होते. ग्रंथाचे मोठेपण यातच आहे.

पण त्याची उणीवही येथेच आहे. जळलेल्या जमिनीवर हमखास उगवणारी आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतून परिचित झालेली फ्युनारिया हायग्रोमेट्रिका घ्या. तिला दातांची दोन वलये असून प्रत्येकात सोळा दात असतात. म्हणून हेडविगने तिला फ्युनारिया वंशात ठेवले. दुसरी एक हरिता, जिच्या कोशाला दातच नाहीत, ती 'उघड्या तोंडाच्या' जिम्नोस्टोमम वंशात गेली. तिसरी, जिचा कोश आपण होऊन उघडतच नाही, ती फॅस्कम वंशात पडली. वस्तुतः या तिघी एकाच कुलातील आहेत. उलट, आज टोर्ट्युला ट्रंकाटा म्हणून ओळखली जाणारी, नात्याने दूरची हरिता केवळ दात नाहीत एवढ्यावरून जिम्नोस्टोममच्या पंगतीस बसली.

या तिसरीची कथा उद्बोधक आहे. हेडविगच्या फॅस्कम पेटेन्सला पुढे फिस्कोमिट्रेला हा स्वतंत्र वंश मिळाला. 1851 मध्ये विल्यम मिटन याने तिला फिस्कोमिट्रियम वंशात नेले. 1859 मध्ये हिंदुस्थानातील हरितांची सूची प्रसिद्ध करणारा मिटन तो हाच. पुढील ग्रंथकारांनी मात्र फिस्कोमिट्रेला हेच नाव चालविले. 2012 मध्ये या कुलाच्या डीएनएच्या अभ्यासातून दिसून आले की, कोशाच्या रचनेवर केलेली वर्गवारी खऱ्या नात्याशी जुळत नाही. कोशाचे साधेपण निरनिराळ्या शाखांत स्वतंत्रपणे आलेले आहे. 2019 मध्ये फिस्कोमिट्रेला वंश वेगळा ठेवण्याचे कारण उरले नाही, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे मिटनचेच म्हणणे खरे ठरले.

मग हेडविगला चुकीचा म्हणावे काय? आमच्या मते नाही. ओळख पटविणे आणि नाते ठरविणे ही दोन कामे आहेत. दात पाहून ही फ्युनारिया आणि ही नव्हे, हे आजही सांगता येते. दोष आहे तो खुणेलाच गोत्र मानण्यात. आपल्या महाजन कुटुंबांत गावावरून पडलेली आडनावे एक असूनही कुळे वेगळी असतात, आणि निरनिराळ्या आडनावांची घरे एकाच कुलदेवतेपुढे नारळ ठेवतात, हे वाचकांस सांगावयास नको.

म्हणूनच सह्याद्रीच्या हरितांची नोंद करणाऱ्या आपल्याकडील अभ्यासकांना आमचे एक सांगणे आहे. नुसत्या नावांच्या याद्यांवर समाधान मानू नये. नमुना वाळवून कागदी पुडीत ठेवावा. स्थळ, तारीख आणि तो चिऱ्यावर, मातीवर की झाडाच्या सालीवर मिळाला, हे त्या पुडीवर लिहावे. नावे बदलतील, वंश मोडतील आणि पुन्हा जुळतील. पुडी जपलेली असेल तर पुढची पिढी आपली चूक सुधारू शकेल. यादीच तेवढी उरली, तर तिला चूक कोठे झाली हेही कळणार नाही.